उन्हाळ्यात म्हैस माजावर का येत नाही?

गिरणेच्या खोऱ्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या उत्तरेस वसलेला पाचोरा तालुका हा काळ्या कसदार जमिनीचा आणि कापसाचा मुलूख म्हणून ओळखला जातो. कापसाचा पैसा शेतकऱ्याच्या हाती वर्षातून एकदाच येतो. घरातील किराणा, मुलांच्या वह्या-पुस्तका, दवाखान्याची औषधे हा रोजचा खर्च मात्र अनेक कुटुंबांत दुधावर चालतो. त्यामुळे दावणीची म्हैस हा खानदेशातील लहान शेतकऱ्याचा मोठा आधार होय.

हा आधार दरवर्षी उन्हाळ्यात डळमळतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव जिल्ह्यात पारा 44-45 अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. हिवरेसारख्या नद्यांचे पात्र कोरडे पडते, हिरवा चारा संपतो आणि म्हशीचे दूध आटू लागते. या सर्वांहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे म्हैस माजावर येत नाही, किंवा आली तरी मालकाला कळत नाही. एक-दोनदा रेतन करूनही ती गाभण राहिली नाही, तर ‘वांझ निघाली’ असा शिक्का बसतो आणि चांगल्या दुधाचे जनावर पडेल भावाने बाजारात जाते.

अशा म्हशींपैकी बहुतेक वांझ नसतात. उष्णता आणि अपुरा आहार यांमुळे त्यांच्या शरीराने प्रजननाचे काम तात्पुरते थांबविलेले असते. ते कसे व का थांबते, याचा उलगडा गेल्या अर्धशतकातील संप्रेरक-संशोधनाने बराचसा केला आहे. ही माहिती गोठ्यापर्यंत पोहोचली, तर अनेक म्हशी बाजाराच्या वाटेवरून परत फिरतील.

एका हुकलेल्या माजाची किंमत

म्हशीचा गर्भकाळ सुमारे 310 दिवसांचा असतो आणि गाभण नसलेली निरोगी म्हैस साधारणपणे दर 21 दिवसांनी माजावर येते. उदाहरणादाखल, 1 ऑगस्टला व्यालेली म्हैस घेऊ. ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फळली, तर पुढील वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पुन्हा विते. दोन वेतांतील अंतर सव्वातेरा-साडेतेरा महिन्यांचे राहते. हे अंतर उत्तम समजले जाते.

हीच म्हैस नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत गाभण राहिली नाही, तर मार्चपासून ऊन वाढते, माज मंदावतो आणि पुढची खरी संधी एकदम सप्टेंबरमध्ये येते. त्या वेळी फळलेली म्हैस पुढच्या वर्षीच्या जुलैमध्ये विणार. म्हणजे दोन वेतांतील अंतर जवळजवळ दोन वर्षांवर जाते. मधल्या काळातील कित्येक महिने ती भाकड राहते. चारा-पाणी मात्र रोज लागतेच. हिवाळ्यात हुकलेल्या चार-पाच माजांची ही किंमत आहे.

मेंदूपासून अंडाशयापर्यंत

माज हा अंडाशयाचा व्यापार असला, तरी त्याचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा लहानसा भाग आहे. तेथून एक संप्रेरक अत्यल्प प्रमाणात स्रवते आणि खालच्या पीयूषिका ग्रंथीला चालना देते. पीयूषिकेतून निघणारी दोन संप्रेरके रक्तावाटे अंडाशयात जातात. एकामुळे अंड्याची पुटके वाढतात, दुसऱ्यामुळे पक्व पुटक फुटून अंडे बाहेर पडते. वाढत्या पुटकातून इस्ट्रोजेन स्रवते आणि त्याच्या प्रभावाने माजाची लक्षणे दिसतात. अंडे सुटल्यावर त्या जागी पीतपिंड तयार होतो. त्यातील प्रोजेस्टेरॉन गर्भ टिकवून धरते.

अधश्चेतकातील मूळ संप्रेरकाची रचना 1971 मध्ये स्पष्ट झाली. त्यासाठी अमेरिकेत अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळेने डुकरांच्या, तर रॉजर गिलमँ यांच्या प्रयोगशाळेने मेंढ्यांच्या मेंदूतील हा भाग प्रचंड संख्येने गोळा केला होता. रक्तातील अतिसूक्ष्म संप्रेरके मोजण्याची पद्धत रोझलिन यॅलो यांनी सॉलोमन बर्सन यांच्यासह विकसित केली होती. 1977 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक शॅली, गिलमँ व यॅलो या तिघांना विभागून मिळाले.

पुढच्याच वर्षी, 1978 मध्ये, अर्न्स्ट नोबिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांतून आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. हे संप्रेरक थांबून थांबून, ठरावीक अंतराने दिले तरच पीयूषिका काम करते. सतत धार धरून दिले तर ती उलट बंद पडते. हा संदेश तालात द्यावा लागतो. उष्णता, उपासमार, आजार किंवा भीती यांचा पहिला आघात या तालावरच होतो.

उष्णतेचा ताण

शरीरावर येणाऱ्या निरनिराळ्या संकटांना शरीर एका ठरावीक पद्धतीने तोंड देते, ही कल्पना हान्स सेली यांनी 1936 मध्ये मांडली. संकट आले की मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल अधिक प्रमाणात स्रवते. त्यामुळे साठवलेली शक्ती तातडीच्या कामासाठी मोकळी होते. थोड्या काळासाठी ही सोय जीव वाचविते. पण ताण दिवसेंदिवस टिकला, तर ताणाची हीच यंत्रणा अधश्चेतकाचा ताल मंद करते. पीयूषिकेकडून मिळणारी चालना कमी पडते, पुटक पूर्ण वाढत नाही आणि इस्ट्रोजेन उणे पडते.

उष्णतेचा ताण म्हशीला गाईपेक्षा अधिक जाणवतो. तिची कातडी काळी, केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने पुष्कळच कमी. पाण्यात डुंबणे हा तिचा नैसर्गिक उपाय. गावाजवळचे डोह आटले म्हणजे तो उपायही जातो.

ताण मोजण्यासाठी शास्त्रज्ञ तापमान आणि हवेतील आर्द्रता यांचा एकत्रित निर्देशांक वापरतात. तो 75 च्या वर गेला की म्हशीच्या प्रजननावर प्रतिकूल परिणाम होऊ लागतो, असे भारतातील अभ्यासांत आढळले आहे. या निर्देशांकाच्या प्रचलित सूत्रानुसार 40 अंश तापमान व 20 टक्के आर्द्रता असताना तो 83 च्या पुढे जातो. जूनमध्ये पाऊस पडून तापमान 32 अंशांवर आले आणि आर्द्रता 70 टक्के झाली, तरी तो 84 च्या आसपासच राहतो. म्हणजे पहिल्या पावसाने माणसाला हायसे वाटले, तरी म्हशीचा ताण संपलेला नसतो.

हरियानातील कर्नाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत मुऱ्हा म्हशींच्या रक्तातील संप्रेरकांची ऋतुवार मापने करण्यात आली. हिवाळ्याच्या तुलनेत उन्हाळ्यात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेले, तर अंडाशयाची संप्रेरके घटलेली आढळली. वाढलेले प्रोलॅक्टिन अंडाशयाच्या कामात अडथळा आणते, असे मानले जाते.

इस्राएल व अमेरिकेतील फ्लोरिडा येथे होल्स्टीन गाईंवर झालेल्या संशोधनाने आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. अंड्याचे पुटक पक्व होण्यास अनेक आठवडे लागतात. उन्हाळ्यात होरपळलेली पुटके हवा थंड झाल्यावरही काही काळ कमी प्रतीची अंडी देतात. त्यामुळे उन्हाळ्यानंतरचे पहिले रेतन फसले, म्हणून जनावर कायमचे निकामी ठरत नाही.

चयापचयाचा हिशेब

उष्णतेच्या जोडीला येते ती उपासमार. दुभत्या जनावराचे शरीर मिळालेल्या अन्नाची वाटणी ठरावीक क्रमाने करते. प्रथम जीव जगविणे, नंतर पदरच्या पारडाचे दूध आणि त्यानंतर उरले तर पुढचा गर्भ. व्यायल्यानंतरचे दोन-तीन महिने दूध वेगाने वाढते, पण भूक तितक्या वेगाने वाढत नाही. खर्च जमेपेक्षा जास्त होतो आणि म्हैस अंगावरची चरबी मोडून दूध देते. हीच तूट आहाराअभावी लांबली, तर रक्तातील साखर व इन्सुलिन कमी राहते आणि अंडाशयाचे काम खोळंबते.

अंगावर साठा किती आहे, हे मेंदूला कसे कळते? चरबीतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध अमेरिकेतील जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने 1994 मध्ये प्रसिद्ध केला. साठा घटला की रक्तातील लेप्टिन घटते. मेंदूतील किसपेप्टिन या द्रव्याचे प्रजननातील स्थान 2003 मध्ये फ्रान्स व अमेरिकेतील दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिले. किसपेप्टिन हे अधश्चेतकातील तालाला चालना देते आणि शरीरातील साठ्याची व ताणाची वर्दी त्याच्यापर्यंत पोहोचते. ‘घरात धान्य नाही, पाहुणा बोलावू नये’ असा निर्णय शरीर येथे घेते.

हा नियम केवळ म्हशींचा नाही. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये युद्धामुळे अन्नतुटवडा पडला, तेव्हा अनेक स्त्रियांची मासिक पाळी थांबली आणि नऊ महिन्यांनी जन्मांची संख्या एकदम खाली आली. पुढे अन्न मिळताच ती पुन्हा वाढली. 1899-1900 च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातही अशीच घट झाल्याचे लोकसंख्याशास्त्रज्ञांना आढळले. दुष्काळात पाळणे हलत नाहीत, याला भुकेबरोबर शरीराच्या या अंतर्गत व्यवस्थेचेही कारण आहे.

दिवसाची लांबी

म्हैस ही मूलतः दिवस लहान होत जाताना माजावर येणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. अंधारात मेंदूतील एका ग्रंथीतून मेलाटोनिन स्रवते. रात्र वाढली की ते अधिक काळ स्रवते आणि म्हशीला प्रजननाच्या ऋतूची सूचना मिळते. मात्र पाचोऱ्याच्या अक्षांशावर सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांतील फरक सुमारे अडीच तासांचाच आहे. ब्राझीलमध्ये विषुववृत्ताजवळील भागात चारा मिळाल्यास म्हशी वर्षभर माजावर येतात, असा अनुभव आहे. सूर्याचा उदयास्त माणसाच्या हाती नाही. सावली, पाणी आणि चारा मात्र आहेत. महाराष्ट्रातील पशुपालकाच्या दृष्टीने हीच आशेची बाजू होय.

मुका माज ओळखणे

उन्हाळ्यात सर्वच म्हशींचा माज थांबतो असे नाही. पुष्कळ म्हशींत अंडे सुटते, पण इस्ट्रोजेन कमी असल्याने लक्षणे ठळक दिसत नाहीत. यालाच मुका माज म्हणतात. अशी म्हैस बहुधा रात्री किंवा पहाटे थंड वेळी माज दाखविते आणि त्या वेळी गोठ्याकडे कोणी फिरकत नाही. दिवस उजाडेपर्यंत लक्षणे ओसरलेली असतात.

वारंवार थोडी थोडी लघवी करणे, शेपटी किंचित उचलून धरणे, निरणातून काचेसारखा पारदर्शक चिकट सोट पडणे, सडे ताठर होणे, चारा कमी खाणे आणि अचानक दूध चोरणे ही लक्षणे पाहावीत. रात्री निजण्यापूर्वी एकदा, पहाटे एकदा आणि सायंकाळी एकदा जनावरांवर नजर टाकल्यास बरेच मुके माज सापडतात. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा सर्वसाधारण नियम आहे. प्रत्येक माजाची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत नोंदवावी. त्यावरून 21 दिवसांनी नेमके केव्हा लक्ष ठेवायचे ते कळते.

घरातील धारा-चारा पाहणाऱ्या स्त्रियांना या खुणा सर्वांत आधी दिसतात. पशुसंवर्धनाची शिबिरे मात्र बहुधा पुरुषांनी भरलेली असतात. ही उणीव दूर करणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

गोठ्यातील उपाय

पहिला उपाय सावलीचा. नुसत्या पत्र्याचे छप्पर भट्टीसारखे तापते. कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्यांचा जाड थर पत्र्यावर टाकल्यास गोठा बराच थंड राहतो. पत्र्याला वरून चुना मारल्यानेही फरक पडतो. गोठ्याच्या बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या असाव्यात.

दुसरा उपाय पाण्याचा. मोठ्या म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला 70 ते 100 लिटर पाणी लागू शकते. ते थंड, स्वच्छ आणि दिवसभर समोर असावे. दुपारी तीन-चार वेळा अंगावर पाणी मारावे किंवा ओले गोणपाट टाकावे; मात्र वारा खेळता हवा. कोंदट गोठ्यात नुसते पाणी शिंपडल्यास आर्द्रता वाढून त्रासच होतो.

तिसरा उपाय आहाराच्या वेळेचा. सुका कडबा पचताना पोटात उष्णता निर्माण होते. म्हणून कडब्याचा मोठा भाग रात्री व पहाटे द्यावा. दिवसा हिरवा चारा असल्यास तो द्यावा. त्यासाठी पावसाळ्यात मिळणाऱ्या मक्याचा मुरघास करून ठेवल्यास मे महिन्याची चिंता मिटते.

चौथा उपाय पोषणाचा. शरीरपोषणासाठी दररोज एक ते दीड किलो आणि शिवाय दर दोन लिटर दुधामागे एक किलो खुराक, असे स्थूल प्रमाण धरले जाते. सरकी पेंड खानदेशात सहज मिळते. पण एकट्या पेंडीवर न विसंबता तिला भरडलेल्या धान्याची व चुनीची जोड द्यावी. दररोज सुमारे 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत म्हैस आटवून तिला एक-दीड किलो जादा खुराक द्यावा. दूध बंद असताना खुराक बंद करण्याची पद्धत रूढ आहे. पण व्यायल्यानंतरच्या तुटीचा साठा याच काळात अंगावर चढतो, हे लक्षात घेतले पाहिजे.

इंजेक्शनाची मर्यादा

म्हैस माजावर येत नाही म्हटले की पहिली मागणी इंजेक्शनाची होते. 1995 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातून पुढे आलेली ठरावीक दिवशी रेतन करण्याची पद्धत, तसेच योनिमार्गात ठेवावयाचे प्रोजेस्टेरॉनचे साधन यांचा उपयोग भारतात म्हशींसाठीही होतो. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, तपासणी करून वापरल्यास ही साधने उपयुक्त आहेत.

तथापि, ज्या जनावराच्या बरगड्या दुरून मोजता येतात, त्याच्या शरीरात संप्रेरकाला प्रतिसाद देणारे पुटकच तयार नसते. अशा वेळी इंजेक्शनाचे पैसे वाया जातात आणि दोष रेतनाला किंवा म्हशीला दिला जातो. आधी जंतनाशक, खनिजे, पुरेसा आहार व थंडावा, आणि नंतर गरज भासल्यास औषध, असा क्रम ठेवणे हितावह ठरेल. गर्भाशयाचा आजार असल्यास त्याचे निदानही तपासणीशिवाय होत नाही.

ग्रामपंचायत आणि शाळा

या प्रश्नाचा काही भाग एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. उन्हाळ्यात गुरांसाठी पाण्याचा हौद रोज भरला जाईल याची व्यवस्था, गुरे थांबतात तेथे वड, कडुनिंब, चिंच यांची सावली आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात गावात वंध्यत्व तपासणी शिबिर ही कामे ग्रामपंचायत व पशुवैद्यकीय दवाखाना यांनी मिळून करावयाची आहेत. शिबिर मे महिन्यात भरवून फारसे साधत नाही. ते थंडीच्या आरंभी भरले, तर तपासलेल्या म्हशीला उपचार घेऊन गाभण राहण्यास अजून तीन महिने हाताशी असतात.

शिक्षकांनाही येथे वाव आहे. पऱ्हाट्यांनी झाकलेल्या आणि उघड्या पत्र्याखाली एकेक तापमापक टांगून विद्यार्थ्यांनी आठवडाभर दुपारी नोंदी घेतल्या, तर गावातील प्रत्येक घरापर्यंत हा धडा पोहोचेल.

व्यालेली म्हैस तीन महिन्यांत माजावर आली नाही, तर तिला विकण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. तिला दुपारी सावली मिळते काय? पाणी पोटभर मिळते काय? तिच्या बरगड्या झाकलेल्या आहेत काय? पहाटे तिच्याकडे कोणी पाहिले आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर दोष म्हशीच्या नशिबात नसून गोठ्याच्या व्यवस्थेत आहे आणि तो दुरुस्त करता येण्याजोगा आहे.